परम ते परम सिद्धी : महासंगणकांच्या जालरचनेची उपेक्षित बाजू

महासंगणकाचे मूल्यमापन केवळ त्याच्या गणनवेगावरून करण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ झाला आहे. किती टेराफ्लॉप, जगात कितवा क्रमांक आणि अलीकडे किती जीपीयू, एवढ्या तीन प्रश्नांपाशी चर्चा संपते. हे शेकडो-हजारो प्रोसेसर एकमेकांशी कसे जोडले आहेत, हा प्रश्न तांत्रिक तपशील मानून बाजूला ठेवला जातो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने घडविलेल्या ‘परम’ मालिकेचा इतिहास पाहता ही उपेक्षा अधिकच खटकते.

‘परम’ हा मुळात जोडणीचाच प्रयोग होता. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे सध्याच्या व्हीएनआयटीचे, माजी विद्यार्थी डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली सिद्ध झालेल्या ‘परम ८०००’मधील ट्रान्सप्युटर ही चिप परदेशीच होती. प्रत्येक चिपला बाहेर जाण्यासाठी चारच दुवे असत. अशा चिपा कोणत्या आकृतीत गुंफाव्यात आणि गणिताच्या स्वरूपानुसार ती आकृती कशी बदलावी, यात संशोधकांचे खरे कर्तृत्व होते. पुढे ‘परम १००००’मध्ये (१९९८) सन कंपनीचे, तर ‘परम पद्म’मध्ये (२००३) आयबीएमचे प्रोसेसर आले, ‘परमनेट’ आणि ‘परमनेट-२’ ही जाले मात्र सी-डॅकची स्वतःची होती. यंत्रसामग्रीत ज्याला निःसंशय स्वदेशी म्हणावे, असा भाग तो हाच.

२०२० मधील ‘परम सिद्धी-एआय’ या यंत्रात हे चित्र पालटले. एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए१०० जातीचे ४२ नोड, प्रत्येकात आठ, म्हणजे एकूण ३३६ जीपीयू, आणि जोडणीही विकत घेतलेली मेलानॉक्स इन्फिनिबँड. जागतिक यादीत यंत्राला पहिल्या शंभरात स्थान मिळाले. ५.२७ पेटाफ्लॉप या कमाल क्षमतेपैकी ४.६२ पेटाफ्लॉप, म्हणजे सुमारे ८८ टक्के, प्रत्यक्ष चाचणीत उतरले. हे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही लिनपॅक चाचणी जालाच्या बाबतीत उदार आहे. तिच्यात सारणीचा आकार वाढला की गणन घनाच्या प्रमाणात वाढते, तर देवाणघेवाण वर्गाच्याच प्रमाणात. मोठ्या भाषाप्रारूपाच्या प्रशिक्षणात प्रत्येक टप्प्यानंतर सर्व जीपीयूंना आपापली उत्तरे एकत्र करावी लागतात. एक जीपीयू मागे राहिला तर बाकीचे स्वस्थ बसतात. तेथे हे ८८ टक्के फारसे काही सांगत नाहीत. क्रमांकाबद्दल तर काय बोलावे? पुण्याच्याच ‘एका’ या टाटांच्या महासंगणकाचा चाचणीतील वेग नोव्हेंबर २००७ ते जून २००८ या काळात ११७.९ वरून १३२.८ टेराफ्लॉपवर गेला. यंत्र सुधारले, क्रमांक मात्र चौथ्यावरून आठव्यावर घसरला!

खरी कसोटी विस्ताराची आहे. ए१०० जीपीयूला पेटीच्या आतील दुव्यातून एका दिशेने सेकंदाला ३०० गिगाबाइट मिळतात, तर पेटीबाहेरच्या २०० गिगाबिटच्या तारेतून केवळ २५. बारा पटींची ही दरी जालरचनेने सांभाळायची असते. बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन केंद्रांसाठी मांडलेली आणि चार्ल्स लायझरसन यांनी १९८५ मध्ये ‘फॅट ट्री’ या स्वरूपात संगणकांसाठी विकसित केलेली कल्पना येथे उपयोगी पडते. तळाच्या प्रत्येक स्विचमधून जितक्या तारा खाली, तितक्याच वर. नागपूरकरांना रेल्वेच्या ‘डायमंड क्रॉसिंग’वरून हे सहज उमगेल: एका दिशेची गाडी जात असता दुसरीला थांबावेच लागते. असा छेद जालात कोठेही राहू नये, हा या रचनेचा हेतू.

या रचनेची किंमत मात्र सरळ रेषेत वाढत नाही. चाळीस पोर्टांच्या स्विचने दोन थरांत ८०० जीपीयू जोडता येतात आणि त्यासाठी ६० स्विच पुरतात. तिसरा थर घातला की मर्यादा १६,००० वर जाते, पण स्विच लागतात २,०००. जोडण्या वीसपट, स्विच मात्र तेहतीसपट! ‘सिद्धी’चे ३३६ जीपीयू दोन थरांच्या मर्यादेत आरामात बसतात. त्यामुळे तिच्या यशावरून दहा हजार जीपीयूंच्या समूहाविषयी निष्कर्ष काढणे तर्कदुष्ट ठरते.

हा दोष आता धोरणाच्या भाषेतही उतरला आहे. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडिया एआय मिशनचा लेखाजोखा जीपीयूंच्या संख्येत मांडला जातो. २०२५ मध्ये ती ३४ हजारांच्या पुढे गेली. हे जीपीयू अनेक पुरवठादारांच्या वेगवेगळ्या केंद्रांत विखुरलेले आहेत. त्यांची बेरीज म्हणजे एक यंत्र नव्हे. विद्यापीठातील एखाद्या संशोधकाला त्यांतील आठ जीपीयू हवे असतील तर ही बेरीज निरुपद्रवी आहे. पण मराठीसह भारतीय भाषांचे मोठे प्रारूप घडवायचे असेल, तर एका जालात सलग किती जीपीयू आहेत हाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर त्या आकड्यात नाही.

सी-डॅकने ‘त्रिनेत्र’ या नावाने स्वतःचे जाल पुन्हा विकसित करावयास घेतले, ही या पार्श्वभूमीवर स्वागतार्ह घटना होय. त्याच्या आवृत्त्या १०० आणि २०० गिगाबिटच्या आहेत, तर एच१०० पिढीतील यंत्रे प्रत्येक जीपीयूमागे ४०० गिगाबिटची जोडणी घेऊन आली. हे अंतर लहान नाही. तथापि ‘त्रिनेत्र’ची परीक्षा वेगाच्या आकड्यावर संपवणे ही जुन्याच चुकीची पुनरावृत्ती होईल. तिसरा थर चढवल्यावर एखादी तार तुटली, एखादा स्विच बंद पडला, तर चालू प्रशिक्षण किती वेळ थांबते, हे मोजून जाहीर होणे अधिक आवश्यक आहे.