‘वियर्डली’ आणि ‘विचित्रपणें’

इंग्रजी कादंबऱ्यांच्या मराठी भाषांतरांत ‘वियर्डली’ ह्या क्रियाविशेषणाची गांठ पडली, कीं भाषांतरकाराच्या लेखणींतून ‘विचित्रपणें’ हा शब्द ठरलेलाच! शब्दास शब्द मिळाला खरा. पण अर्थ हातीं आला काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

ह्या शब्दाचें कुळ पाहण्यासारखें आहे. प्राचीन इंग्रजींत तें एक नाम होतें व त्याचा अर्थ दैव. ‘होणें’ ह्या अर्थाच्या धातूशीं त्याचें नातें आहे. ज्यापासून वर्तन, वृत्त, वर्तमान हे शब्द निघाले, तो संस्कृत ‘वृत्’ धातूही त्याच गोत्रांतला. १५७७ सालीं प्रथम छापलेल्या होलिनशेडच्या इतिहासावरून शेक्सपिअरनें ‘मॅकबेथ’मध्यें ज्या ‘वियर्ड’ भगिनी आणल्या, त्या केवळ विचित्र बायका नव्हेत. भवितव्याशीं त्यांचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शेलीसारख्या कवींच्या हातीं हा शब्द ‘गूढ, अमानुष’ ह्या अर्थाकडे वळला. आजच्या बोलण्यांत तो बहुधा नुसत्या ‘तऱ्हेवाईक’पणावर येऊन ठेपला आहे.

तेव्हां क्रियाविशेषण क्रियेचें आहे कीं सबंध वाक्याचें, हें प्रथम पाहावें. ‘ती वियर्डली हसली’ येथें हसण्याची तऱ्हा सांगितली आहे. प्रसंग भयाचा असेल तर ‘अंगावर कांटा यावा अशी ती हसली’ असें म्हणावें. साधा असेल तर ‘कशीशीच हसली’ एवढें पुरे. पण ‘वियर्डली, दार उघडें होतें’ ह्यांत बोलणाऱ्याचें आश्चर्य आहे. तेथें ‘दार विचित्रपणें उघडें होतें’ असें लिहिल्यास वाचक बिजागऱ्याच तपासूं लागेल! ‘नवल असें कीं, दार उघडेंच होतें’ हें खरें मराठी.

बिचाऱ्या ‘विचित्र’ शब्दावरही ह्यांत अन्यायच होतो. संस्कृतांत तो रंगीबेरंगी, अद्भुत, मनोहर अशा अर्थींही येतो. शंतनुपुत्र विचित्रवीर्याचें नांव कांहीं कोणी कुचेष्टेनें ठेवलें नव्हतें.

कोशांत सांपडलेला प्रतिशब्द हा भाषांतराचा आरंभ होय, शेवट नव्हे. भय, नवल, हुरहूर, तऱ्हेवाईकपणा ह्यांस मराठींत निरनिराळीं वळणें आहेत. तीं सर्व एका शब्दाखालीं गाडलीं गेलीं, तर इंग्रजीचें कांहींच बिघडणार नाहीं. पण अशीं पुस्तकें वाचून जीं मुलें मराठी शिकतील, त्यांच्या वांट्यास मात्र तेवढी गरीब मराठी येईल.