‘रिकॉम्बिनंट मानवी’ या दोन शब्दांवर किती भरवसा ठेवायचा?

पेपरच्या मेथड्स विभागात एक वाक्य हमखास असतं : ‘या प्रयोगासाठी रिकॉम्बिनंट मानवी अमुक प्रोटीन वापरले.’ आपण ते वाचतो आणि सरळ रिझल्ट्सकडे वळतो. रिसर्चला लागण्याच्या तयारीत असाल तर या वाक्यापाशी जरा थांबायची सवय लावा. विशेषतः ते प्रोटीन मेंब्रेनमधलं, म्हणजे पेशीच्या पटलात रुतून बसणारं असेल तर नक्कीच.

रिकॉम्बिनंट म्हणजे जीन दुसऱ्या पेशीत घालून तिच्याकडून बनवून घेतलेलं. मानवी म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम माणसाचा. बास, एवढंच. प्रोटीन अख्खं आहे की तुकडा, पटलात बसलंय की डिटर्जंटमध्ये तरंगतंय, काम करतंय की नुसतंच ट्यूबमध्ये आहे, यातलं काहीही त्या दोन शब्दांत नाही. आमच्या कबनूर-इचलकरंजीकडच्या वाचकांना सांगायचं तर, मागाचा धोटा टेबलावर ठेवून त्याची लांबी, वजन सगळं मोजता येतं. पण तो कापड विणतो का, हे माग चालू केल्याशिवाय कळत नाही.

उदाहरण म्हणून टीआरपीव्ही१ घेऊ. मिरची झोंबते ती याच्यामुळे. मिरचीतलं कॅप्सायसिन या आयन चॅनेलला उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि मज्जातंतू मेंदूला ‘भाजलं’ असं कळवतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये याचा जीन शोधला, आणि ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलचा निम्मा वाटा मिळाला. पण तो मूळ जीन उंदराचा होता, माणसाचा नाही. पद्धत मात्र आजही तीच वापरतात : एचईके२९३ पेशींत जीन घालायचा, कॅल्शियमला चमकणारा रंग भरायचा, कॅप्सायसिन टाकायचं आणि चमक वाढते का ते बघायचं.

मग मानवीच प्रोटीन कशाला हवं? इथे मी ‘मानवी’ या शब्दाच्या बाजूने आहे. पोपट लवंगी मिरची आरामात खातो हे तुम्ही पाहिलं असेल. पक्ष्यांचं टीआरपीव्ही१ कॅप्सायसिनला दाद देत नाही. कोंबडीच्या चॅनेलवर हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. सशाचंही तसंच : माणसात आणि उंदरात जिथे थ्रिओनिन आहे (५५० वी जागा) तिथे सशात आयसोल्युसिन आहे. तेवढा एक बदल उलटवला की सशाचं चॅनेलही कॅप्सायसिनला चांगला प्रतिसाद देऊ लागतं. शेजारच्या टीआरपीए१ ची गोष्ट तर आणखी अवघड. कॅफिनमुळे उंदराचं टीआरपीए१ चालू होतं, माणसाचं दबतं. तोच रेणू, आणि परिणाम उलटा! माणसासाठी औषध शोधणाऱ्याने फक्त उंदराच्या चॅनेलवर भरवसा ठेवला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. मुंबईच्या ग्लेनमार्क फार्मास्युटिकल्सने याच कुटुंबातल्या तीन चॅनेल्सवर वेदनाशामकांचे प्रयत्न केले. टीआरपीव्ही१ रोखणारा जीआरसी ६२११ हा रेणू २००७ मध्ये इलाय लिलीला परवान्यावर दिला. २००८ मध्ये त्याची चाचणी थांबली. टीआरपीव्ही३ रोखणारा जीआरसी १५३०० हा २०१० मध्ये सनोफी-अव्हेंटिसकडे गेला. टीआरपीए१ रोखणारा जीआरसी १७५३६ मधुमेहातल्या मज्जातंतूंच्या वेदनेवर दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचला. तिघांपैकी एकही औषध बाजारात आलं नाही. यात कुणाला नावं ठेवायची नाहीत, जगभरातल्या मोठ्या कंपन्यांचे टीआरपी रेणूही असेच अडले आहेत. पण १७५३६ चा प्रसिद्ध झालेला निकाल मुद्दाम शोधून वाचा. सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला तर औषध आणि प्लासिबो यांत खात्रीचा फरक नव्हता. ज्यांच्या बारीक मज्जातंतूंचं काम शाबूत होतं, त्यांच्यात तो दिसला. उपगटातला निकाल म्हणून तो जपूनच घ्यायचा. तरी विचार करा : चॅनेल ज्या तंतूत राहतं तो तंतूच निकामी झाला असेल, तर चॅनेल रोखणारं औषध कुणावर काम करणार? एचईके पेशीत हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथे प्रत्येक पेशीत चॅनेल ठासून भरलेलं असतं.

दुसरा धडा अ‍ॅमजेनच्या एएमजी ५१७ चा. हाही टीआरपीव्ही१ रोखणारा. दाढ काढलेल्या लोकांवरच्या चाचणीत काहींचा ताप ४०.२ अंश सेल्सिअसपर्यंत चढला (२००८). पेशीतला प्रयोग चुकला होता का? नाही, रेणू चॅनेल रोखतो हे त्यातून बरोबरच कळलं होतं. पण टीआरपीव्ही१ तीन वेगवेगळ्या गोष्टींनी उघडतं : कॅप्सायसिन, उष्णता आणि आम्ल. शरीराचं तापमान राखण्यातही त्याचा हात आहे. एएमजी ५१७ तिन्ही वाटा बंद करत होता. पुढे एनईओ६८६० सारखे रेणू आले, जे मुख्यतः कॅप्सायसिनचीच वाट अडवतात. त्यांनी माणसांत तसा ताप आणला नाही. म्हणजे चॅनेल तेच, पेशी त्याच, फक्त तुम्ही त्याला काय विचारलंत यावर उत्तर बदलतं. ‘टीआरपीव्ही१ इनहिबिटर’ असं लिहिलेल्या पेपरमध्ये कोणती वाट तपासली आहे, ते आधी बघा.

आता शुद्ध केलेल्या प्रोटीनकडे येऊ. माझी खरी तक्रार इथे आहे. २०१३ मध्ये क्रायो-ईएमने टीआरपीव्ही१ ची पहिली अणुपातळीची रचना मिळाली. कमालीचं काम! पण ते प्रोटीन उंदराचं होतं, काही भाग कापलेलं होतं आणि अ‍ॅम्फिपॉल नावाच्या पॉलिमरमध्ये गुंडाळलेलं होतं. लेखकांनी हे सगळं स्पष्ट लिहिलं आहे. २०१६ मध्ये तेच चॅनेल नॅनोडिस्कमध्ये, म्हणजे लिपिडच्या छोट्या चकतीत बसवून पाहिलं, तेव्हा कॅप्सायसिनच्या खोबणीत एक लिपिड बसलेलं असतं हे नीट उलगडलं. पटल म्हणजे नुसती गादी नव्हे, तेही कामात भाग घेतं. मानवी टीआरपीव्ही१ ची रचना २०२३ मध्ये आली. तरी त्याआधीची उंदराची रचना घेऊन, ते लिपिड विचारात न घेता, वनस्पतीतले पन्नास रेणू डॉक करायचे आणि शीर्षकात ‘मानवी’ लिहायचं, असे पेपर ढिगाने आहेत. स्कोअर उणे आठ आला की निष्कर्ष तयार.

मध्यंतरी एका विद्यार्थिनीने तिचा सिनॉप्सिस वाचायला दिला. कॅटलॉगमधलं ‘रिकॉम्बिनंट मानवी टीआरपीव्ही१’ घेऊन त्यावर वनस्पतींचे अर्क बांधले जातात का, हे तिला बघायचं होतं. किंमत तिच्या वर्षभराच्या कंटिंजन्सीत जेमतेम बसणारी. डेटाशीट उघडली तर ते ८३९ अमिनो आम्लांचं चॅनेल नव्हतंच, टोकाचा एक तुकडा होता, जीएसटी टॅग लावलेला. अँटिबॉडी तपासायला ठीक. कॅप्सायसिनची खोबणी मात्र पटलात रुतलेल्या भागात, दोन शेजारी सबयुनिट्सच्या मध्ये असते. ती त्या तुकड्यात असणं शक्यच नाही. डेटाशीटवर जेलचा फोटो होता, एकच स्वच्छ पट्टा. पण एसडीएस-पेज मध्ये आपण प्रोटीन उलगडूनच टाकतो. पट्टा वजन आणि शुद्धता सांगतो, घडी नाही.

तुकडा नेहमीच वाईट असतो असं नाही. कोविडच्या काळात एसीई२ चा बाहेरचा भाग कापून हजारो प्रयोग झाले आणि ते योग्यच होते. एसीई२ पटल एकदाच ओलांडतं, विषाणूचा स्पाइक त्याला बाहेरच्या बाजूलाच धरतो. टीआरपीव्ही१ चं प्रत्येक सबयुनिट पटल सहा वेळा ओलांडतं, आणि अशी चार मिळून चॅनेल होतं. तिथे कापायला जागाच नाही.

तिला मी पेशींवरच्या प्रयोगाकडे वळा असं सुचवलं. तेही कंट्रोल्स नीट ठरवून. एचईके२९३ पेशींत स्वतःचे पी२वाय आणि मस्करिनिक रिसेप्टर असतात, त्यामुळे अर्कातल्या एटीपीनेसुद्धा कॅल्शियम वाढतं. रिठ्याचा अर्क टाकून बघा : सॅपोनिन पटलाला भोकं पाडतं, कॅल्शियम धो धो आत येतं, आणि टीआरपीव्ही१ चा त्याच्याशी काही संबंध नसतो. म्हणून जीन न घातलेल्या पेशी शेजारी हव्यातच. कॅप्साझेपिनने प्रतिसाद थांबतो का, हे बघायला हवं. जमलं तर कॅप्सायसिनला दाद न देणारं म्युटंटही. अर्क स्वतःच चमकतो का, हे रिकाम्या वेलमध्ये आधी तपासायचं. हळदीचा तर नक्की चमकतो. तिच्या मूळ आराखड्यात या चारपैकी एकच कंट्रोल होता, आणि प्रोटीनची ऑर्डर अजून गेलेली नव्हती.