विनिमयाचा तोटा कोणाचा? : ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ पुन्हा वाचताना

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे त्याचा उल्लेख फार, वाचन कमी. त्या काळाच्या सरकारी हिशेबात सतत भेटणारा एकच शब्द आज आपण तपासू : ‘विनिमयाचा तोटा’.

आधी हिशेब बघू. हिंदुस्थान सरकार कर गोळा करी चांदीच्या रुपयात आणि लंडनची देणी फेडी पौंडात. या देण्यांना ‘होम चार्जेस’ म्हणत. त्यात रेल्वेच्या कर्जाचे व्याज होते, तसा लष्कराचाही मोठा वाटा होता. इथे नोकरी करून मायदेशी परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनी, इकडे पाठवायच्या शिपायांच्या प्रशिक्षणाचा खर्च, लष्करी सामान. १८७०च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत, म्हणजे पौंडाला दहा रुपये. पुढे चांदी घसरली. १८९४-९५ मध्ये रुपया तेरा पेन्सांच्या आसपास आला. पौंडाला साडेअठरा रुपये पडू लागले. तिकडच्या कर्नलची शंभर पौंडांची पेन्शन शंभरच राहिली. इथल्या तिजोरीतून मात्र हजाराऐवजी साडेअठराशे जाऊ लागले.

हे वरचे पैसे आले कुठून? डोलवीत बसून हे विचारायलाच हवे, कारण आपला पेण तालुका मिठागरांचा. १८८८ साली मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. ब्रह्मदेशातला खर्च आणि घसरता रुपया, ही त्यामागची कारणे. १८९३ मध्ये युरोपीय अधिकाऱ्यांना विनिमय-भरपाईचा भत्ता सुरू झाला. अर्धा पगार चढ्या दराने धरायचा. रुपयात पेन्शन घेणाऱ्या देशी सुभेदाराला असली भरपाई नव्हती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, हे आपण जाणतोच.

ग्रंथाचे बळ इथे आहे. रुपया पडल्याने निर्यातदाराचा फायदा झाला, तर तो देशाला बाहेरून मिळालेला लाभ नव्हे, असे बाबासाहेब दाखवतात. भाव चढतात, मजुरी मागे राहते. एका वर्गाचे दुसऱ्याकडे जाते. ‘देशाचा फायदा’, ‘देशाचा तोटा’ असल्या ढोबळ शब्दांना त्यांनी ‘कोणाचा?’ असे विचारले. तत्त्वज्ञानात यापेक्षा उपयोगी प्रश्न थोडेच असतील.

पण एक उणीव आम्हाला जाणवते. ग्रंथ चलनाचा आहे. मुळात ते देणे न्याय्य होते का, हा प्रश्न त्याच्या मध्यभागी येत नाही. तो दादाभाईंनी लावून धरला. पौंडात देणे ठरवणारा एक आणि दराची जोखीम उचलणारा दुसरा, अशी ती व्यवस्था. तिला ‘तोटा’ म्हटले की ती पावसापाण्यासारखी, दैवाची वाटते. शब्दच जबाबदारी झाकतो. आणि बघा, पुढे दर १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिरावला, तरी मिठाचा वाढीव कर लगेच उतरला नाही. गोखल्यांनी १९०२च्या अर्थसंकल्पी भाषणात शिलकीवर टीका केली ती याचसाठी. कर कमी झाला १९०३ मध्ये.

आज देणेकरी आपण, सरकारही आपलेच. तरी परदेशी शस्त्रांचे पैसे बहुतेक परकीय चलनात जातात, आणि रुपया उतरला की तेवढ्याच सामानाला जास्त रुपये लागतात. ती भर घालणे कधी आवश्यकही असेल. आपण एवढेच मागावे : ती रक्कम वेगळी दाखवा, आणि ती कोणाच्या ताटातून काढली तेही सांगा.