साम्बा : गाणे देशाचे, गाणारे कोणाचे?

ब्राझीलच्या संगीताविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते त्यात कार्निव्हलचा झगमगाट असतो, बोसा नोव्हाची हळुवार गिटार असते. ते संगीत ज्यांच्या हातून जन्मले त्या काळ्या माणसांचा इतिहास मात्र नसतो. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. उत्तरेतील काळ्यांशी आपले नाते असे जुळले; दक्षिणेतील काळ्यांची कहाणी वाचायची राहून गेली.

ब्राझीलमध्ये १३ मे १८८८ रोजी गुलामी कायद्याने संपली. माणसे मोकळी झाली, जमीन मात्र मिळाली नाही. बाहिया प्रांतातून पोट भरायला रिओ शहरात आलेल्या काळ्या कुटुंबांच्या घराअंगणांत साम्बा वाढला. मिठाई विकणाऱ्या तिया सियाताचे घर हे त्यातले मोठे ठिकाण. १९१६ साली दोंगाने ‘पेलु तेलेफोनि’ हे गाणे राष्ट्रीय ग्रंथालयात आपल्या नावावर नोंदवले. (त्या घरात अनेकांनी मिळून रचलेले गाणे एकट्याचे कसे, हे भांडण तेव्हापासूनचे आहे.) पोलीस साम्बावाल्यांना पकडत, खंजिरीसारखे त्यांचे वाद्यही जप्त करीत.

पुढे हाच साम्बा ‘राष्ट्रीय’ झाला. व्हार्गासच्या हुकूमशाहीने १९३९ साली प्रचारखाते उभारले आणि साम्बात उनाडाऐवजी कष्टाळू कामगाराचे गोडवे यावेत असा आग्रह धरला. त्याआधी, १९३३ साली, जिल्बेर्तो फ्रेइरीचा गाजलेला ग्रंथ आला होता. वर्णभेद न मानणारा देश ही ब्राझीलची प्रतिमा त्याच्या आधाराने उभी राहिली. गाणे सर्वांचे झाले, तेव्हा भेद उरला कोठे, असा हा युक्तिवाद आहे. तमाशाला महाराष्ट्राची लोककला म्हणून मिरवणारे आपले सांस्कृतिक पुढारी वेगळे काय करतात? राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई नारायणगावकरांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले, २००२ साली त्या वारल्या. लोककला त्यानंतरही मिरवतेच आहे.

कार्तोलाचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९०८ सालचा जन्म, गवंडीकाम करणारा हात. डोक्यात सिमेंट जाऊ नये म्हणून तो टोपी घाली, त्या टोपीवरूनच हे नाव पडले. १९२८ साली त्याने मांगेइरा टेकडीवरील साम्बा-शाळेच्या स्थापनेत भाग घेतला. त्याची गाणी नामवंतांनी गायिली, ध्वनिमुद्रित केली. १९५६ साली एका पत्रकाराला तो सापडला तेव्हा रिओतच मोटारी धूत होता. स्वतःची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली १९७४ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी. मधल्या काळात बोसा नोव्हा जगभर गेला होता. झुआंव जिल्बेर्तोने साम्बाचा अवघा ठेका एका गिटारीत आणला, ही त्याची प्रतिभा नाकारण्याचे कारण नाही. पण ते संगीत समुद्राकाठच्या सुखवस्तू घरांतले होते, आणि ढोल तेवढा दाराबाहेर राहिला.

हा ढोल आपल्या परिचयाचा आहे. चारकोप हे उपनगर १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने, लहान लहान भूखंड आखून वसवले गेले. अशा वस्तीत १४ एप्रिलला बेंजो पार्टीवर भीमगीते वाजतात. आमच्या संगीतसमीक्षेच्या लेखी तो केवळ गोंगाट असतो. उद्या त्याला बाजार मिळाला तर तीच मुंबईची संस्कृती ठरेल, आणि वाजवणारी पोरे कोठली, हे कोणी विचारणार नाही.

बाहियाच्या साल्व्हादोर शहरात १९४९ साली गोदीकामगारांनी ‘फिल्युस दि गांधी’ म्हणजे गांधीपुत्र नावाचे पथक काढले. पांढरे कपडे, डोक्यास फेटा, आणि ओठांवर आफ्रिकी दैवतांची गाणी. आपल्या वाचकाला हे नाव खटकेल. मला वाटते, शांततेच्या नावाची ढाल पुढे करून त्यांनी आपला बंदी भोगलेला धर्म रस्त्यावर आणला. परंतु ढालीआडून किती काळ गायचे? १९७४ साली त्याच शहरात ‘इले आये’ उभे राहिले, फक्त काळ्यांचे, आफ्रिकेचे नाव उघड घेणारे. १९७५ च्या कार्निव्हलनंतर तेथील एका मोठ्या दैनिकाने त्यांनाच वंशवादी ठरवले. जातीचे नाव घेणाराच जातीयवादी, हा आरोप आपल्यालाही पाठ आहे. इले आयेने त्यामुळे माघार घेतली नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा ढोल घेऊन निघाले, आणि आजही निघतात.