कपाटात रंगलेली मैफल

आपल्या मंडळाच्या दिवाळी पहाटेला गाणाऱ्यांची वर्षभराची तयारी कुठे चालते, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर ‘कपाटात’ असंच द्यावं लागेल. इथल्या घरांत बेडरूमला लागून कपड्यांची जी छोटी खोली असते, तीच शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी गाण्याची तालीमखोली झाली आहे. एकीकडे साड्या नि झब्बे, दुसरीकडे हिवाळ्याची जाडजूड जॅकेटं, खाली कार्पेट आणि मधोमध स्टँडवर शंभरेक डॉलरचा माइक. दिवाणखान्यातल्या लाकडी जमिनीवरून आणि मोठमोठ्या काचांवरून आवाज उसळून परत येतो. इथे कपडे तो शोषून घेतात, त्यामुळे गळ्यातून जे निघालं तेवढंच माइकमध्ये उतरतं.

हा सगळा खटाटोप हौसेपुरता नाही, त्यामागे अडचण होती. गुरुजी पुण्यात किंवा सांगलीत आणि शिष्य इथे. व्हिडिओ कॉलवर शिकायला बसलं की आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो आणि ठेक्याबरोबर गाणं अशक्य होतं. त्यातून त्या सॉफ्टवेअरच्या लेखी सलग चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, म्हणून तंबोराही ते इमानेइतबारे दाबून टाकतं! लांबवलेला षड्ज मध्येच गायब होतो. सेटिंग बदलून तंबोरा परत आणता येतो, उशीर मात्र जात नाही. घरी नीट ध्वनिमुद्रण करून फाइल पाठवली की दोन्ही प्रश्न मिटतात. हिवाळ्यात रात्री साडेनऊला पाठवलेली फाइल पुण्यात सकाळी नऊला पोहोचते. गुरुजी चहा घेता घेता ऐकतात आणि आपण झोपेतून उठेपर्यंत त्यांचा निरोप आलेला असतो: “अगं, सूर छान लागलाय. पण श्वास शब्दाच्या मध्येच घेतलास. शब्द पुरा कर, मग घे.” पूर्वी सुट्टीत भारतात गेल्यावर होणारी दुरुस्ती आता आठवड्याच्या आठवड्याला होते.

आता थोडं सामानाविषयी, कारण मंडळात सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. कंडेन्सर माइक नाजूक कानाचा. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो फर्नेस, फ्रिज, शेजारच्यांचं गवत कापण्याचं यंत्र असं सगळं टिपतो. घर शांत असेल तर तो उत्तमच. मुलंबाळं असलेल्या घरात डायनॅमिक माइक बरा. शुअर कंपनीचा १९६६ पासून जगभरच्या रंगमंचांवर दिसणारा एसएम ५८ याच जातीचा. तो जवळचं ऐकतो आणि लांबच्याकडे बरंचसं दुर्लक्ष करतो. जोडीला एक साधा इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि ऑडॅसिटीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. एवढ्यात घरचा स्टुडिओ उभा राहतो.

आमच्याकडच्या एका काकूंची बैठक पाहण्यासारखी असते. आधी फर्नेस बंद, फोन बाहेर. माइक तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित तिरपा, म्हणजे ‘फ’, ‘भ’, ‘प’ यांचा वारा थेट त्यावर आदळत नाही. तरी खबरदारी म्हणून मध्ये भरतकामाच्या रिंगवर ताणून बसवलेला जुना नायलॉनचा मोजा! मग सगळ्यात चढी तान आधीच गाऊन बघायची आणि आवाजाची पट्टी उणे बारा डेसिबलच्या वर जाणार नाही असं बटण लावायचं. पट्टी लाल झाली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर सांधणं महाकठीण. तंबोरा हेडफोनच्या एका कानात, दुसरा कान उघडा, म्हणजे स्वतःचा खरा सूर कळतो. तार सप्तकात जाताना काकू मान जराशी मागे घेतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, स्वतःचंच गाणं ऐकून ऐकून जमलेलं आहे.

माइक आणि मराठी गाणं यांचं नातं जुनं आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांनी ध्वनिमुद्रण केलं तेव्हा माइक नव्हताच. कर्ण्यात तोंड घालून, आवाज चढवून, तीनेक मिनिटांत राग आटोपावा लागे. १९२५ च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि हळू आवाजात, शब्द कुरवाळत गाणंही तबकडीवर उमटू लागलं. जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्या पिढीचं भावगीत बहरलं त्यात या माइकचा मोठा वाटा आहे. ज्या गाण्याचा सगळा जीव हलक्या उच्चारात, त्याला कपाटातला एकांत मानवतो यात नवल नाही.

मोह मात्र टाळायला हवेत. सूर आपोआप दुरुस्त करणारी सोय आपल्या गाण्याला मारक आहे. ती प्रत्येक स्वर पेटीच्या पट्टीवर नेऊन बसवते आणि मींड, आंदोलन यांची पार वाट लागते. ‘एको’ही चवीपुरताच. पुष्कळ घातला की शब्द हरवतात, आणि इथे वाढलेल्या मुलांना तर शब्दच आधी कमवायचे आहेत. ‘बाळा’तला ‘ळ’ किंवा ‘चांदणं’तला ‘च’ आपण कसा म्हणतो, हे आई दहादा सांगून पटत नाही. हेडफोनमधून स्वतःच्या कानाने एकदा ऐकलं की मुलं आपणहून म्हणतात, “आई, परत करू या.”

पहिली पिढी बॅगेत कॅसेटी घालून आली. त्या ऐकून ऐकून गाणं घरात राहिलं, पण गळ्यात फार थोड्यांच्या उतरलं. आज आपल्या मंडळात नाट्यपद मांडून गाणारी, अभंगाला सफाईदार तान घेणारी तरुण मुलं-मुली आहेत. त्यांच्या गुणांचं, त्यांच्या गुरूंच्या चिकाटीचं आणि कपाट रिकामं करून देणाऱ्या आईवडिलांचं या स्मरणिकेतून मनापासून कौतुक.

जाता जाता एक विनंती. उन्हाळ्यात आपल्याकडे आई-बाबा, सासू-सासरे येतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, गावाकडच्या आरत्यांच्या वेगळ्या चाली तोंडपाठ आहेत. त्यांना कपाटात कोंडू नका, सोफ्यावर आरामात बसू द्या आणि समोर माइक ठेवा. मूळ फाइल वेव्ह स्वरूपात दोन ठिकाणी जपा. गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख फाइलच्या नावातच लिहा. ज्यांच्याकडे सामान नाही त्यांनी मंडळातल्या गाणाऱ्यांपैकी कुणाकडेही मागावं. माइक घेऊन कुणीतरी तुमच्या घरी येईल, फक्त त्या दिवशी फर्नेस आणि एसी बंद ठेवायची तयारी असू द्या.