'डोळा म्हणजे कॅमेरा' : उपमा कुठे थांबवायची?

दहावीत डोळा शिकवताना कॅमेऱ्याची उपमा हटकून येते. उपमा वाईट नाही. केप्लरने १६०४ मध्ये दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते हे मांडलं, तेव्हा त्यालाही अंधाऱ्या खोलीत छिद्रातून पडणाऱ्या प्रतिमेचा आधार होताच. माझी तक्रार एवढीच की आपण उपमा शिकवतो, पण ती कुठपर्यंत चालते ते सांगत नाही.

पहिला घोळ भिंगाचा. राज्य मंडळाच्या 'भिंगे व त्यांचे उपयोग' या पाठात स्पष्ट लिहिलंय की प्रकाशाचं सर्वाधिक अपवर्तन पारपटलावर, म्हणजे कॉर्नियावर होतं. पण फळ्यावर आकृती काढताना किरण पारपटलातून सरळ आत जातात आणि भिंगावरच वाकतात! डोळ्याची एकूण शक्ती साधारण ६० डायॉप्टर, त्यातली ४० हून जास्त एकट्या पारपटलाची. कारण सोपं आहे. हवेचा अपवर्तनांक १, पारपटलाचा सुमारे १.३८, फरक मोठा. भिंगाच्या दोन्ही बाजूंना मात्र पाण्यासारखाच द्रव आणि जेल, म्हणून तिथे प्रकाश कमी वाकतो. भिंगाचं खास काम म्हणजे आकार बदलून जवळचं-लांबचं स्पष्ट करणं.

'विहिरीत बुडी मारल्यावर अंधुक का दिसतं?' हा प्रश्न वर्गात विचारून बघा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे पारपटलाच्या अगदी जवळचा, त्यामुळे त्याची बहुतेक शक्ती तिथे निकामी होते. गॉगल लावला की डोळ्यासमोर पुन्हा हवा येते आणि स्पष्ट दिसतं. फक्त भिंगाची आकृती पाठ केलेल्या मुलाला हे सुचणार कसं?

दुसरा घोळ दृष्टिपटलाचा. 'हा डोळ्यातला पडदा किंवा फिल्म' असं म्हणून आपण थांबतो. पण प्रत्येक डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी पेशी असतात आणि मेंदूकडे जाणारे चेतातंतू जेमतेम १० लाखांच्या घरात. म्हणजे कुठे उजेड-अंधाराची कड आहे, कुठे हालचाल आहे, ही निवड दृष्टिपटलातच सुरू होते. फिल्म असं काही करत नाही. मग 'मेंदू उलटी प्रतिमा सुलटी करतो' हे वाक्यही फसवं ठरतं. मेंदूत चित्र बघत बसलेलं कुणी नसतं. तिथे पोचतात ते फक्त संदेश.

हे सगळं मार्कांपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण नेत्रदानाचा विषय निघाला की 'अख्खा डोळा काढून दुसऱ्याला बसवतात' असा समज भल्याभल्यांचा असतो. प्रत्यक्षात रोपण होतं ते पारपटलाचं; तुटलेले लाखो चेतातंतू परत जोडता येत नाहीत. म्हणूनच चष्मा असलेल्या किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसालाही नेत्रदान करता येतं. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत निर्णय घ्यायचा असतो. त्या घाईत घरच्यांना हे समजावून सांगायला वेळ कुठून मिळणार? ते दहावीच्या वर्गातच कळलेलं बरं.

शिक्षकांना एकच विनंती: पुढच्या वेळी आकृती काढताना किरण आधी पारपटलावर वाकवा, मग भिंगावर थोडासा. आणि दृष्टिपटलावर पोचल्यावर मुलांना सांगा, 'कॅमेरा इथे संपला.'