'ज्युरासिक पार्क'मधील न दिसणारी पिसे : एक चिकित्सा

प्रस्तुत लेखात स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'ज्युरासिक पार्क' (१९९३) या चित्रपटातील व्हेलोसिरॅप्टरच्या चित्रणाची चिकित्सा केली आहे. डायनासोर व पक्षी यांचे नाते चित्रपट आरंभीच सांगतो. जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ मध्ये वर्णिलेल्या डायनोनिकसमुळे या विचारास बळ मिळाले होते. संवाद पक्ष्याचा, रूप मात्र सरड्याचे! अर्थात, अंगावर तंतू असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स चीनच्या लिआओनिंगमधून १९९६ मध्ये प्रकाशात आला. त्यामुळे मूळ चित्रपटास दोष देता येत नाही. परंतु २००७ मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्याच हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा आढळल्या आणि तरीही 'ज्युरासिक वर्ल्ड'मध्ये (२०१५) तो बोडकाच राहिला.

ही केवळ रंगभूषेची चूक नव्हे. सायनोसॉरोप्टेरिक्स उडणारा नव्हता. म्हणजे पिसे आधी, उड्डाण नंतर; ऊब वा प्रदर्शन यांसाठी आलेले आवरण पुढे पंखाच्या कामी आले असावे. उड्डाणाच्या उगमाची ही गोष्टच पडद्यावरून गळून पडते.

सास्तूर परिसराचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव येथे डायनासोरचे जीवाश्म मिळाले; तथापि ते प्रामुख्याने अवाढव्य शाकाहारी प्राण्यांचे आहेत. (गावाच्या नावातील 'पिस' हा निव्वळ योगायोग!) पिसांचा ठसा टिकण्यास लिआओनिंगसारखा तळ्यातील अतिशय बारीक गाळ लागतो. साहजिकच आपल्या विद्यार्थ्यांपुढे पुरावा येतो तो चित्रपटाचाच. वर्गात डायनासोर काढावयास सांगितला की ते आजही खवलेच रंगवितात.